बेबीआक्काचं इमान

बेबीआक्का बोलायची थांबली, तेव्हा पथारीवरच्या बायकांना आधी वाटलं, तिची कवळी हरवली. रेवाबाईनं तर पोत्यांखाली हात घालून शोधलीसुद्धा. मग कुणीतरी म्हणालं, कवळी तोंडातच आहे, चहा पिताना दिसली. तेव्हा मात्र सगळ्या घाबरल्या.

घाबरण्यासारखंच होतं. ओली लाल मिरची उघड्या माळावर वाळायला पसरतात, त्याला आमच्याकडे पथारी म्हणतात. हिवाळाभर नंदुरबारच्या आसपास माळच्या माळ लाल होतात आणि बायका फडक्यानं नाकतोंड बांधून देठ खुडत बसतात. सगळ्यांची तोंडं बांधलेली. एकट्या बेबीआक्काचं उघडं. ती मुकादम. वय अठ्ठ्याहत्तर, पायात मुलाचे जुने बूट, हातात काठी, आणि आवाज असा की या टोकाला कुणी ओली मिरची कोरडीत मिसळली की त्या टोकाची बाई दचकायची. पोरगा शाळेत मास्तर, घरी केळी-पपईची बागायत, तिला कामाची गरज नव्हती. सून चारुलता एकदा म्हणाली होती, आत्याबाई, आता घरी बसा. आक्कानं विचारलं होतं, घरी बसून बोलू कुणाशी, फ्रिजशी?

तर अशी बाई गप्प झाली. काठीनं खुणा करायला लागली.

आता हे कशामुळे झालं ते सांगायला हवं, आणि त्यासाठी तिच्या भावापासून सुरुवात करायला हवी.

बेबीआक्काचं माहेर बोरमाळ. भिला पाटलांचं शेंडेफळ ती. हेमराज सगळ्यांत मोठा, तिच्याहून चौदा वर्षांनी. आमच्याकडे मोठ्या भावाला जिभाऊ म्हणतात. तिच्यासाठी तो जन्मभर जिभाऊच राहिला, अंगावर हवाई दलाचा गणवेश चढल्यावरही. तो सुट्टीवर आला की तिला खांद्यावर घेऊन शेताच्या उतारावरून पळत सुटायचा. म्हणायचा, मी इंजिन, तू पंख, हात पसर. ती हात पसरायची. आई ओट्यावरून ओरडायची की पोर पडेल. पोर पडली नाही. उलट, उतार संपला की पुन्हा वर चला म्हणून त्याचे केस ओढायची.

हवाई दलात हेलिकॉप्टरं नव्यानं आली, तेव्हा ती चालवायला शिकलेल्या पहिल्या तुकडीत हेमराज होता. जिथे खेचरंसुद्धा पोचत नसत अशा बर्फातल्या चौकीवर त्यानं हेलिकॉप्टर उतरवलं, आणि विरळ हवेत ते कसं उतरवायचं हे मागून येणाऱ्या कितीतरी वैमानिकांना शिकवलं. पण बोरमाळला, बेबीआक्काच्या सासरी कोरीटला, पार प्रकाशा गावापर्यंत लोकांना ठाऊक होती ती त्याच्याही आधीची गोष्ट. तो अजून शिकत होता तेव्हाची. विमानाला आग लागली. खाली गाव होतं. त्यानं लगेच उडी मारली नाही; जळतं विमान वळवून कोरड्या नदीच्या पात्रावर नेलं आणि मगच हवाई छत्रीनं उडी टाकली. पाय मोडला. प्लास्टर घेऊन घरी आला, खाटेवर पडून राहिला, आणि लहानग्या बेबीनं ती गोष्ट त्याच्याकडून रोज नव्यानं सांगून घेतली.

ती गोष्ट मग तिचीच झाली. पथारीवर नवी बाई आली की पहिल्या दिवशी देठ कसा खुडायचा ते, आणि दुसऱ्या दिवशी जिभाऊची गोष्ट. शेवट ठरलेला:

"गाव दिसनं म्हनीसन वळायं. नदी उनी. मंग इमान सोडं."

इमान म्हणजे विमान. आमच्या अहिराणीत विहिरीची इहीर होते, विळ्याचा इळा होतो, तसं विमानाचं इमान. यात नवल वाटावं असं इथे कुणालाच काही नाही. नवल वाटायला हवं होतं ते बाहेरच्या माणसाला, आणि गंमत म्हणजे त्यालाही ते वाटलं नाही, म्हणून तर सगळा घोटाळा झाला.

बोरमाळच्या माळावर एक धावपट्टी आहे. बाहत्तरच्या दुष्काळात ती दुष्काळी कामावर झाली. आक्का तेव्हा कोरीटची सून होती, नवरा बन्सीलाल, जमीन कोरडवाहू, पाऊस नाही. पाटलांच्या सुना असोत की डोंगरातल्या बाया, सगळ्या एका रांगेत खडीच्या पाट्या वाहत होत्या. रेवाबाई तिथेच भेटली. धडगावकडच्या डोंगरातून खाली आलेली, हिची अहिराणी तिला कळेना, तिची पावरी हिला कळेना. दोघींचं पहिलं भांडण पाण्याच्या डबड्यावरून झालं, आणि काय बोलतोय ते दोघींनाही समजत नसल्यानं ते लगेच मिटलं. मैत्री मात्र टिकली. आता रेवाबाई हिच्याच पथारीवर हिवाळाभर उतरते.

त्या कामावर एक दिवस जिभाऊ आला होता. बहिणीच्या डोक्यावरची पाटी त्यानं बघितली. बूट काढून पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, परत आला आणि म्हणाला, "बेबे, सपाट कर. एखादा दिन मी आठेच उतरसू."

तो तिथे उतरला कधीच नाही. पुढे तिला कुणीतरी सांगितलं की हेलिकॉप्टरला धावपट्टी लागतच नाही. ते तिनं त्याच्याकडून कित्येक वर्षं वसूल केलं. फुकट खडी वाहायला लावली मला, म्हणायची. तो निवृत्त होऊन नाशिकला राहिला, तिथेच गेला. मूलबाळ नव्हतं. पट्टीवर शेळ्या चरल्या, पोरं मोटारसायकल शिकली, आणि बरीच वर्षं मिरची वाळली.

अलीकडे सरकारनं ती पट्टी मनावर घेतली. कुंपण आलं, मिरचीची पथारी कुंपणाबाहेर सरकली, डांबर आलं, एक छोटी इमारत आली. लहान विमानं उतरणार, अडलेला रुग्ण मोठ्या शहरात नेता येणार. ग्रामसभेनं एकमुखानं ठराव केला की नाव हेमराज पाटलांचं द्यायचं. वर समिती बसली. फलक रंगवूनही आला आणि फाटकावर चढला, फक्त उद्‌घाटनापर्यंत त्यावर ताडपत्री बांधलेली. आक्का रोज पथारीवर जाताना त्या फाटकासमोरून जायची आणि वर न बघता म्हणायची, "काय जिभाऊ, गरम व्हई ऱ्हायनं का?"

मग समितीनं माहितीपुस्तिका काढायचं ठरवलं आणि आठवणी टिपायला एक गृहस्थ पाठवले. सांगलीकडचे, बदली होऊन आलेले, इस्त्रीचा शर्ट, अतिशय सज्जन. ते घरी जायचे, तर आक्का पथारीवर. म्हणून ते पथारीवर आले. तोंडाला फडकं बांधा असं त्यांना चारचौघींनी सांगितलं. ते म्हणाले, नको, मला सवय आहे.

मिरचीची सवय कुणालाच नसते. पाच मिनिटांत साहेब शिंकायला लागले. एका हातानं लिहितायत, दुसऱ्या हातात रुमाल. आक्का गोष्टी सांगत होती आणि मध्येच बायकांवर ओरडत होती. वारा फिरला, पूड उडाली, तिचेही डोळे वाहायला लागले. तिला वाटलं, साहेबांना जिभाऊची गोष्ट ऐकून रडू येतंय. साहेबांना वाटलं, म्हातारीला काहीतरी सांगताना फार जड जातंय. दोन शिंकांच्या मधे त्यांच्या कानावर आलं ते एवढंच: आग लागली, पाय मोडला, आणि "इमान सोडं".

त्यांनी विचारलं, "खरंच सोडलं?"

आक्का म्हणाली, "मंग! मन्हाच भाऊ ना. खोटं कशाला सांगू?"

साहेबांनी रुमालानं डोळे पुसले आणि पुढे काही विचारलं नाही. दुःखात बोट घालणाऱ्यांतले ते नव्हते.

काही दिवसांनी नवनीतला शाळेत फोन आला. नवनीत म्हणजे आक्काचा मुलगा, मराठीचा शिक्षक. फोनवर कुणी तिसरेच अधिकारी होते. ते हळू आवाजात म्हणाले, असं कळलंय की हेमराज पाटलांच्या हातून नोकरीत काही बेइमानी घडली होती. बाहेरून नाही, घरातूनच कळलंय. सख्ख्या बहिणीनं रडत सांगितलं म्हणे. अशा वेळी नावाचा विचार थांबवावा लागतो, तुम्ही समजून घ्याल. प्रांत मॅडम स्वतः येऊन बोलतील, तोवर फलक झाकलेलाच राहील.

बघा, शब्द कसा चालत गेला. सोडं होतं त्याचं सोडलं झालं, इमान सोडलं त्याचं इमान राखलं नाही झालं, आणि फोनपर्यंत येताना बेइमानी. मूळ शब्द वाटेत कुठे गळून पडला, ते नवनीतलाही कळणं शक्य नव्हतं.

तो तसाच घरी आला. आक्का लसूण सोलत बसली होती.

"माय, त्या सायेबले तू काय सांगं?"

"जे शे ते सांगं."

"जिभाऊमामानी काही बेइमानी करी, असं सांगं का?"

आक्कानं लसूण खाली ठेवला. "नवनीत, जीभ झडी जाई तुन्ही."

"मन्ही नही माय. ते म्हनतस, तूच सांगं. रडी रडी सांगं."

तिनं मांडीवरची सालं झटकली. मग उठून आत गेली. नवनीतला वाटलं, रागावली. पण तो राग नव्हता. तिला आठवलं होतं.

ती त्या साहेबांशी दुपारभर बोलली होती. त्यात एक गोष्ट अशी होती, जी तिनं पथारीवर कधीच कुणाला सांगितली नव्हती. वडील गेले तेव्हा जिभाऊ मातीला आला नव्हता. बासष्टचं साल, तो बर्फात, तार त्याला उशिरा मिळाली. सगळ्यांना कारण माहीत होतं. पण सोळा वर्षांच्या बेबीला तेव्हा राग आला होता. वडिलांनी शेवटपर्यंत दाराकडे मान ठेवली होती, ते तिनं बघितलं होतं. तो राग तिनं कधी जिभाऊला दाखवला नाही. आणि त्या दिवशी परक्या माणसाच्या डोळ्यांत पाणी बघून तिच्या तोंडून ते निसटलं: बापाच्या मातीला आला नाही, मला राग होता.

हेच ते, तिनं ठरवून टाकलं. बापाशी बेइमानी, असंच लिहिलं असणार. साठ वर्षं दाताखाली धरलेला राग बाहेर पडला तो नेमका जिभाऊच्या नावावर पाणी फिरवायला. ज्या जिभेनं भावाचं नाव बुडवलं, तिनं आता बोलू नये.

म्हणून ती गप्प झाली. कारण कुणालाच सांगितलं नाही, कारण सांगायला तोंड उघडावं लागलं असतं.

पथारीवर सगळा गोंधळ झाला. ओली मिरची कोरडीत गेली. बायका दुपारी डुलक्या काढायला लागल्या. फाटकासमोरून जाताना आक्का ताडपत्रीशी बोलेना. पुढे तर पदर ओढून लांबच्या वाटेनं जायला लागली. शेवटी रेवाबाई तिच्यासमोर फतकल मारून बसली. इतक्या वर्षांत रेवाबाईची अहिराणी बरी झाली आहे, फक्त ती तिच्यात पावरीची फोडणी घालते. तिनं आधी शिव्या दिल्या. मग म्हणाली, तुझा भाऊ मी पाहिलाय. बूट काढून आपल्या खडीवर चालला होता. जो माणूस खडीवर अनवाणी चालतो त्याला नाव लागलं काय आणि नाही लागलं काय.

आक्काचे डोळे भरले. रेवाबाई म्हणाली, हे मिरचीचं नाही.

इकडे नवनीतनं मास्तराचा उपाय काढला. मॅडम येणार, तर मायनं शुद्ध बोललं पाहिजे. अहिराणीत बोलली आणि पुन्हा काही भलतंच लिहिलं गेलं तर? रोज संध्याकाळी ओसरीवर शिकवणी सुरू झाली. शे नाही, आहे. व्हता नाही, होता. आक्का मुकाट्यानं मान हलवायची. एकदा तर तो म्हणाला, "आणि इमान नही माय, विमान. वि. ओठ दातले लाव." तिनं कवळीला नुसताच ओठ लावला, आवाज काढला नाही. चारुलता स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसली. आणि मराठीचा मास्तर असलेला तो शहाणा माणूस पुढच्या शब्दाकडे वळला. शाळेतलं इमान आणि घरातलं इमान त्याच्या डोक्यात दोन वेगळ्या खोल्यांत राहत होतं. त्यांची भेट कधी झालीच नव्हती.

प्रांत मॅडम आल्या त्या दिवशी घर सारवल्यासारखं शांत होतं. मॅडम कोकणातल्या, वयानं तरुण, बोलणं थेट. खुर्ची नको म्हणाल्या, आक्कासमोर सतरंजीवर बसल्या. चहा घेतला. नवनीत दाराशी उभा, ओठ हलवत, जणू तोंडी परीक्षेला आईला नाही, त्यालाच बसवलंय.

"आजी, घाबरू नका," मॅडम म्हणाल्या. "मला तुमच्या तोंडून ऐकायचंय म्हणून आले. आमच्या माणसानं तुमचा शब्द जसाच्या तसा लिहिलाय. तुम्ही म्हणालात की त्यांनी इमान सोडलं. हे खरं आहे का?"

आक्कानं नवनीतकडे बघितलं. मग कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"हो. खरं आहे."

नवनीतनं दाराची चौकट धरली.

"का सोडलं?"

"मग... काय करणार. जळत आहे होतं."

"काय जळत होतं?"

"इमान."

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. "इमान जळत होतं?"

इथे आक्काचं शुद्ध संपलं. पुरवून पुरवून आणलं होतं, तरी संपलं. आणि कसल्या बाईला अधिकारी करतात या विचारानं तिच्या अंगात जुनी मुकादम जागी झाली.

"पंखले आग लागेल व्हती ना बाई. पेटेल इमानमा कोन बशी ऱ्हाई? तुमी बशी ऱ्हातात का?"

"पंखाला?"

"मंग काय शेपटीले? पंखले. गाव दिसनं म्हनीसन वळायं. नदी उनी. मंग इमान सोडं. छत्री उघडी. पाय मोडना. हाऊ पाय, डावा." तिनं स्वतःच्या डाव्या नडगीवर काठी आपटून दाखवली.

मग दाराकडून नवनीतचा आवाज आला, फार बारीक.

"मॅडम... विमान. आमच्याकडे विमानाला इमान म्हणतात."

मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. मग आक्काकडे. मग त्यांनी कपाळाला हात लावला आणि त्यांना हसू फुटलं. आधी दाबलेलं, मग अजिबात न दाबलेलं. चारुलता बाहेर आली. नवनीत खाली बसला तो उठेचना. मराठी शिकवतो मी, मराठी शिकवतो, एवढंच म्हणत राहिला.

आक्का मात्र हसत नव्हती. ती पुढे सरकली.

"मंग मातीनं काय?"

"कसली माती, आजी?"

"बापनी मातीले उना नही तो. मी सांगं व्हतं त्या सायेबले. मले राग व्हता, ते बी सांगं व्हतं."

मॅडमनी पिशवीतले कागद बाहेर काढून चाळले. "असं काही नाही इथे. कुणी लिहिलेलंच नाही."

"लिखंच नही?"

"नाही."

"तो शिंकी ऱ्हायना व्हता," आक्का म्हणाली. आणि मग तिनं इतका लांब श्वास सोडला की चारुलताला वाटलं, आजवर धरूनच ठेवला होता की काय. आक्का भिंतीला टेकली. डोळे पुसले. मॅडमचा हात हातात घेऊन बसली. थोड्या वेळानं म्हणाली, तार उशिरा मिळाली होती त्याला. कोकणातून आलेल्या त्या बाईला यातलं किती कळलं कोण जाणे, पण त्या म्हणाल्या, "उशिराच मिळाली असणार, आजी. त्या काळात तारा उशिराच मिळायच्या." आक्कानं मान हलवली. एवढं कुणीतरी म्हणायला हवं होतं. साठ वर्षं कुणी म्हटलं नव्हतं, कारण तिनं कुणाला विचारलंच नव्हतं.

संध्याकाळपर्यंत गोष्ट कोरीटभर झाली आणि दुसऱ्या दिवशी शहाद्याला पोचली. चहाच्या टपरीवर एकमेकांना विचारणं सुरू झालं, काय भो, इमान सोडं का? समितीनं शब्द दुरुस्त केला, नाव कायम झालं. नवनीतला शाळेतल्या पोरांनी आठवडाभर छळलं.

उद्‌घाटन प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या आठवड्यात झालं. मंडप, खुर्च्या, पाहुणे, सनई. कुंपणाच्या पलीकडे पथारीवरच्या बायका तोंडाची फडकी सोडून उभ्या. एक लहान विमान तापीच्या बाजूनं आलं, पट्टीवर टेकलं, धावत येऊन थांबलं. मंडपातून निवेदक म्हणाला, आपण पाहत आहात, विमानाचे आगमन. कुंपणाकडून एकच गलका उठला, "इमान उनं! इमान उनं वं!" पुढच्या रांगेतल्या प्रांत मॅडमनी मागे वळून नवनीतकडे बघितलं. नवनीतनं छताकडे बघितलं.

मग ताडपत्रीची दोरी आक्काच्या हातात दिली. तिनं ओढली. गाठ पक्की होती, सुटेना. पाहुणे हात लावायला पुढे झाले, तर तिनं त्यांना काठीनं थांबवलं आणि कुंपणाकडे बघून हाक मारली. "रेवा, ये इकडे. नुसती काय पाही ऱ्हायनी?" रेवाबाई फाटकातून आत आली, पोलिसाच्या शेजारून, त्याच्याकडे न बघता. दोघींनी मिळून ओढली. ताडपत्री खाली आली तशी तिच्यावर साचलेली मिरचीची पूडही खाली आली, आणि पहिली रांग एकसाथ शिंकली.

फलकावर होतं: विंग कमांडर हेमराज भिला पाटील विमानतळ.

आक्का खाली पायाजवळच्या डांबराकडे बघत होती. काठीनं एकदा ठोकून बघितलं. "सपाट शे," ती पुटपुटली.

आक्काला दोन शब्द बोलायला सांगितलं, तर ती नको म्हणाली. मन्हा आवाज पथारीवर बरा, इथे खुर्च्यांना ऐकवून काय उपयोग. पण दुपारी मंडप उतरत असताना सांगलीचे ते सज्जन गृहस्थ पथारीवर आले. या वेळी तोंडाला फडकं बांधून. चार-पाच वेळा माफी मागितली. आक्कानं त्यांना पोत्यावर बसवलं आणि चहा मागवला. तोपर्यंत दोन ओळींपलीकडच्या बाईला तिनं ओल्या मिरचीवरून सुनावलं, आणि रेवाबाई आकाशाकडे बघून म्हणाली, सुटलं बाई हिचं तोंड.

पुस्तिका अजून छापायची होती. साहेबांनी वही उघडली आणि विचारलं, "आजी, तुमच्या शब्दात काय ठेवू? इमान लिहू की विमान?"

आक्कानं विचार केला.

"तुमले जे लिखनं ते लिखा, भाऊ. पन नदी पहिले लिखा. मंग सोडं लिखा."

त्यांनी तसं लिहिलं. तिनं अक्षरं येत असल्यासारखं वाकून बघितलं, काठी टेकवली, आणि पलीकडच्या ओळीकडे ओरडत निघाली.